बाटलीच्या भिंतीला चिकटलेलं शिसं

तिला सगळे बाटलीताई म्हणायचे. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. खांद्याला पेटी आणि पेटीत बाटल्या. ती दारात दिसली की लोक आत वर्दी द्यायचे, आली बाई बाटली घेऊन. यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, रिकामीच आहे हो, भरून तुम्ही द्यायची. हा विनोद तिनं इतक्यांदा केला होता की शेवटी तिला स्वतःलाच त्याचं हसू येईनासं झालं, पण सवय सुटते थोडीच!

काम दिसायला सोपं. नळ सोडायचा, बाटली भरायची आणि लगेच, तिथल्या तिथे, कुपीतून ॲसिडचे थेंब टाकून झाकण घट्ट लावायचं. शिसं शोधायचं असेल तर हे थेंब हवेतच. ते का हवेत, हे बाटलीताई नव्या माणसांना फार छान समजावून सांगायची. साध्या पाण्यातलं शिसं स्वस्थ बसत नाही, ते बाटलीच्या आतल्या भिंतीला जाऊन चिकटतं. मग वरचं पाणी तपासलं तर ते स्वच्छच दिसणार. पाण्यात ॲसिड पडलं की ॲसिडचे कण आधी धावत जाऊन भिंतीवरच्या जागा अडवून बसतात, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे. शिशाला टेकायला जागाच उरत नाही, ते बिचारं पाण्यातच उभं राहतं आणि मशीनला सापडतं. ॲसिड टाकायला उशीर झाला तरी बिघडत नाही. बाटली एक दिवस तशीच ठेवली की चिकटलेलं शिसं सुटून पुन्हा पाण्यात येतं. मुद्दा एवढाच की ॲसिड पडलं पाहिजे.

फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन होता, "ॲसिड टाकले". त्यात बरोबरची खूण करायची. आणि इथे, खरं सांगायचं तर, सगळं खातं एकाच माळेचे मणी होतं. या खुणा जागेवर उभं राहून कोणीच करत नसे. सकाळी चहा पिता पिता दिवसभराचे फॉर्म भरून ठेवायचे, सगळ्या चौकोनांत धडाधड खुणा ओढायच्या आणि मग बाहेर पडायचं. दारात उभं राहून लिहीत बसलं तर लोक खोळंबतात, पेन चालत नाही, कागद भिजतो. बाटलीताईला हे मनातून आवडत नव्हतं, म्हणून तिनं आपली स्वतःची एक खूण काढली होती. ॲसिड खरोखर टाकलं की झाकणावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. ही खूण नियमात नव्हती आणि ती कोणी मागितलीही नव्हती. साहेब तर म्हणायचे, ताईंच्या बाटल्या नटूनथटून येतात.

त्या वर्षीच्या अखेरीला ती जुन्या बाटल्यांचं कपाट रिकामं करत होती. तपासून उरलेलं पाणी वर्षभर ठेवायचं आणि मग ओतून टाकायचं, असा नियम होता. एकेक बाटली काढता काढता तिच्या हातात सहा बाटल्या अशा आल्या, की ज्यांच्या झाकणांवर ठिपका नव्हता. सहाही एकाच दिवसाच्या, आठ महिन्यांपूर्वीच्या. तिनं झाकणं नखानं खरवडून पाहिली. ठिपका पुसला गेलाय म्हणावं तर तसंही दिसेना.

ती स्टुलावर बसली आणि तो दिवस तिला आठवला. नवऱ्यानं शिवलेला नवा कोट तिनं त्या दिवशी पहिल्यांदा घातला होता. नवरा शिंपी. ॲसिडच्या थेंबांनी तिच्या आधीच्या कोटाची चाळणी झाली होती आणि ती भोकं रफू करून करून तो वैतागला होता. हा कोट जाळलास तर पुढचा गोणपाटाचा शिवीन, असं त्यानं बजावलं होतं. म्हणून ॲसिडची कुपी तिनं मुद्दाम टेबलावरच ठेवली होती, परत आल्यावर टाकू म्हणून. आणि परत आली तेव्हा ऑफिसात कोणाच्या तरी बढतीचा केक कापत होते. तिच्या हातात बशी दिली गेली. सगळ्यांनी कोटाचं कौतुक केलं. बाटल्या फळीवर गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्यानं फॉर्मवरची खूण पाहिली आणि वरचं पाणी सरळ मशीनला लावलं. त्याचा काय दोष?

सहातली एक बाटली पाळणाघराची होती.

ती हातात घेतल्यावर बाटलीताईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण बाकीचे पाच नमुने नेहमीच्या फेरीतले होते, पण पाळणाघराचा नमुना मागून घेतलेला होता. तिथल्या मावशींनी चार वेळा अर्ज केला होता. इमारत जुनी, नळ जुने, मुलं लहान, आमचं पाणी तपासा. खात्यात त्यांना शंकासूर म्हणायचे आणि त्या हसण्यात बाटलीताईही सामील होती. शेवटी रिपोर्ट गेला, शिसं चार, मर्यादा दहा, पाणी पिण्यास योग्य. शंकासूर गप्प झाला, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

तिनं कोणाला काही न सांगता सहाही अर्धवट बाटल्यांत ॲसिड टाकलं, एक दिवस ठेवल्या आणि मशीनवाल्याला म्हणाली, जरा लावून दे, माझ्यापुरतं पाहायचंय. पाच बाटल्या सज्जन निघाल्या. सहावीचा आकडा आला चाळीस. अर्धंच पाणी उरलं होतं आणि भिंतीवरचं सगळं शिसं त्यात उतरलं होतं, म्हणजे आकडा फुगलेला होता, हे तिला कळत होतं. तिनं कागदावर हिशेब मांडून फुगवटा काढून टाकला. तरी बावीस उरत होते. तिनं तीन वेळा मांडणी केली आणि बावीस काही हलले नाहीत.

साहेब माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला चार महिने राहिले होते, बागेचं स्वप्न पाहत होते. तिचं सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग तिला पाणी प्यायला दिलं. ते म्हणाले की मुलं महत्त्वाची, नळ आजच्या आज बंद झाला पाहिजे, त्यात दुमत नाही. ताबडतोब जाऊन नवा नमुना घ्या, ॲसिड टाका, रिपोर्ट काढू आणि नळ बंद करू.

"पण मागचं उकरू नका, ताई. साप मरतोय ना? मग काठी कशाला मोडायची? एक खूण खोटी म्हटली की बावीस वर्षांच्या सगळ्या खुणा खोट्या ठरतील. तुमच्या एकटीच्या नाहीत, सगळ्यांच्या."

तिनं मान हलवली. हो म्हणाली ती! पुढे कितीदा तरी तिनं स्वतःला विचारलं की आपण हो का म्हटलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. घाबरलो म्हणून.

त्याच दुपारी ती पाळणाघरात गेली. मुलं झोपली होती, गाद्यांवर ओळीनं, काही उपडी तर काही आडवीतिडवी. मावशी दारातच पायमोजे जोड्यांनी लावत बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, आवाज चढवायची सवय नसलेल्या. त्यांनी तिला पाहिलं आणि ओशाळल्यासारख्या हसल्या. सिंकच्या वर, फ्रेम करून लावलेला रिपोर्ट होता. पाणी पिण्यास योग्य, खाली शिक्का.

मावशी हळू आवाजात बोलत राहिल्या, मुलं उठू नयेत म्हणून. त्या आधी रोज घरून दोन कॅन पाणी आणत होत्या. जिने चढून कंबर गेली होती, सून रागवायची. रिपोर्ट आला त्या दिवशी कॅन बंद केले. आणि मग त्या म्हणाल्या की मी तुमच्या खात्याला फार छळलं, त्याची मला नंतर लाज वाटली, तुम्ही मनात ठेवू नका.

बाटलीताई नळासमोर उभी होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. सांगायचं असतं तर त्याच क्षणी सांगता आलं असतं, माणूस समोर होता आणि दुसरं कोणी ऐकत नव्हतं. पण तिनं थेंब टाकले, झाकण लावलं आणि म्हणाली, नेहमीची तपासणी आहे, उद्यापर्यंत नळ वापरू नका म्हणजे झालं. मावशींनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. शंकासूर म्हणवून घेऊन घेऊन त्यांनी विचारणंच सोडलं होतं.

नवा रिपोर्ट एकवीस आला. नळ बंद झाला, टँकर आला, पाईप बदलायला माणसं आली. खात्यात सगळे म्हणाले, बघा किती तत्परतेनं काम झालं. साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारायचीच काय ती बाकी ठेवली.

आणि बाटलीताईला वाटलं, सुटले. दोन दिवस तसं वाटलंही. तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, आभार मानायला. दवाखान्यातून डॉक्टर येऊन गेले होते आणि मुलांचं रक्त तपासणार होते. त्यांनी विचारलं होतं, हे पाणी मुलं कधीपासून पितायत? मावशींनी फ्रेममधला कागद दाखवला. आठ महिन्यांपूर्वी तर स्वच्छ होतं, मग बिघाड अलीकडचाच असणार, महिन्या-दोन महिन्यांतला. डॉक्टरांनाही ते पटलं. म्हणून आत्ता येणाऱ्या मुलांचंच रक्त घ्यायचं ठरलं होतं. मधल्या काळात सोडून गेलेली नऊ मुलं होती, पण त्यांना उगाच कशाला घाबरवायचं, मावशी म्हणाल्या. त्यांच्या वेळी पाणी चांगलंच होतं.

बाटलीताईनं फोन ठेवला आणि जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून तसंच बंद केलं.

पुढचे चार दिवस ती माणसात नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ही खवखव घशात नव्हती, सगळ्या अंगात होती. रस्त्यानं एखादं मूल रडत जाताना दिसलं की ती त्याच्या वयाचा अंदाज करायची. शिशानं मुलांचं काय होतं हे तिला पाठ होतं, कारण तेच ती नव्या माणसांना सांगायची. पोट दुखतं, भूक मरते, मूल चिडचिडं होतं, बोलायला उशीर करतं. किती पाण्यानं किती होतं हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. पण लवकर कळलं तर उपाय करता येतो आणि कळलंच नाही तर मूल हट्टी आहे म्हणून आई-बाप त्याला ओरडत बसतात. आणि त्या नऊ घरांना ते कळू नये अशी व्यवस्था तिच्या एका खुणेनं केली होती. बरं, खूण करायला तिला लागला होता किती वेळ? चहाच्या दोन घोटांमधला.

नवऱ्यानं पहिले दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, साहेब काही बोलले का? चौथ्या दिवशी त्यानं सुई खाली ठेवली आणि तिच्यासमोर येऊन बसला. तिनं सगळं सांगितलं. कोटाचं सांगताना ती अडखळली, कारण त्यात त्याचंही नाव येत होतं, आणि ते त्याला लगेच कळलं.

"कोटाला मध्ये आणू नकोस," तो म्हणाला. "कोट मी शिवला. बाटली तुझी होती."

हे कडू होतं, पण चार दिवसांत तिच्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. नोकरी जाईल का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, जाऊही शकेल. मग थोड्या वेळानं म्हणाला, दोन माणसांपुरतं मी शिवतो.

सकाळी ती आधी साहेबांकडे गेली. एका कागदावर सगळं लिहून आणलं होतं, ॲसिड टाकलं नव्हतं, खूण आधीच केली होती, आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट चूक आहे. दुसऱ्या कोणाचं नाव लिहिलं नव्हतं. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसत राहिले. हा कागद मी घेतला तर मला वर पाठवावाच लागेल, असं ते म्हणाले. ती म्हणाली, म्हणूनच आणलाय. त्यांनी घेतला. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहून तिला त्यांचीही दया आली, पण आता दयेचं दुकान किती जणांसाठी उघडायचं?

तिथून ती पाळणाघरात गेली. ती वेळ मुलांच्या खेळण्याची होती. आतून ठोकळे पडल्याचे आवाज येत होते. मावशींनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, तिथे मोठ्यांची खुर्ची नव्हती, म्हणून मुलांच्याच एका बुटक्या खुर्चीवर. गुडघे छातीशी घेऊन बाटलीताईनं जे सांगायचं ते सांगितलं. कारणं सांगणार नव्हती ती, तरी केकचं सांगून गेलीच, आणि सांगितल्यावर तिलाच कसंतरी झालं. मुलांच्या रक्तात शिसं गेलं आणि ही केक खात होती, असंच ते ऐकू आलं असणार.

मावशींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या, नळाकडे गेल्या आणि बंद नळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"मी दोन कॅन आणत होते," त्या म्हणाल्या. "मला जमत होतं. कंबर दुखायची, पण जमत होतं."

मावशींनी शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं. तिनं तशी तयारीच केली होती, आठ महिन्यांच्या शिव्या एका बैठकीत ऐकून घ्यायची. पण मावशी शिव्या देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कपाटातून मुलांची वही काढली आणि सोडून गेलेल्या नऊ मुलांची पानं दुमडून ठेवली. मग फोन तिच्या पुढ्यात सरकवला.

"मी करणार नाही. मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवून त्यांना पाणी पाजलं, आता मी काय तोंडानं बोलू? तुम्ही सांगा. मी इथे बसते."

पहिलं पान एका मुलाचं होतं. अडीच वर्षांचा, पाच महिने इथे राहून गेलेला, आईची नोकरी बदलली म्हणून सोडलेला. फोन आईनंच उचलला. बाटलीताईनं सांगितलं की मी पाणी तपासते, तुमचा मुलगा इथे असताना इथल्या पाण्यात शिसं होतं, ते माझ्या चुकीमुळे तेव्हा कळलं नाही, त्याचं रक्त तपासून घ्या. हे वाक्य तिनं वाटेत शंभरदा म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे ते न अडखळता आलं. दवाखाना कुठला, कोणत्या वाराला जायचं, तेही सांगितलं. पलीकडे आई सगळं लिहून घेत होती. तिनं ते परत वाचून दाखवलं. आवाज शांत होता. बाटलीताईला वाटलं, निभावलं.

मग आईनं विचारलं की शिशानं मुलं चिडकी होतात का. म्हणजे फेकाफेक, जेवायचं नाही, झोपायचं नाही, असं.

होऊ शकतात, असं बाटलीताई म्हणाली. पण तुमच्या मुलाचं त्यामुळेच झालं असेल असं नाही सांगता येत. या वयात मुलं तशीही करतात. तपासल्यावरच कळेल.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी त्याला मारलं हो," आई म्हणाली. "सहा महिने मारतेय मी त्याला. मला वाटलं तो मुद्दाम करतो."

"नाही, नाही. तुमची चूक नाही," बाटलीताई म्हणाली. "माझी आहे. ऐकताय ना? चूक माझी आहे."

पण ती ऐकत नव्हती. ती रडत होती, तोंडावर हात दाबून, बहुतेक शेजारच्या खोलीत मूल असावं म्हणून. बाटलीताई पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, माझी चूक आहे, माझी आहे, आणि ते काही केल्या त्या बाईपर्यंत पोचेना. आठ महिने हिनं सुखानं झोप काढली होती आणि आता हिच्या चुकीचा मार ती बाई स्वतःला देत होती. फोन ठेवून द्यावा असं तिला फार वाटलं. तिनं ठेवला नाही. त्या आईचं रडणं थांबेपर्यंत ती त्या बुटक्या खुर्चीवर फोन कानाला लावून बसून राहिली.

समोर मावशींनी वहीचं पुढचं दुमडलेलं पान उलगडून ठेवलं होतं. ते एका मुलीचं होतं.